केस बांधायचा बटणवाला टॉवेल: शंभराचा की अकराशेचा?

टिकलीवाली
प्रश्न किरकोळ आहे, पण दोन आठवडे घरात यावरून वाद चाललाय, म्हणून इथे आणतेय.

माझे केस कमरेच्या जरा वर, सरळ, दाट म्हणावेत असे. आठवड्यातून तीनदा धुते. राहते कावेसरला, ऑफिस ऐरोलीला. सकाळी सहाला केस धुतले की मध्ये पोळ्या, डबे, लेकाची शाळेची बस, मग रिक्षा, आणि पावणेआठला ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबर फलाट. एवढ्या वेळात केसांच्या पागोळ्या थांबाव्यात, इतकीच माझी अपेक्षा. पूर्वी अंघोळीचाच टर्किश टॉवेल गुंडाळायचे. तो ओला झाला की असा जड होतो की पोळी लाटायला वाकलं की सुटून थेट परातीत.

मार्चमध्ये ऑनलाइन २९९ला ३ असे मायक्रोफायबरचे (बारीक कृत्रिम तंतूंचे) बटणवाले टॉवेल घेतले. पुढून टोपीसारखे घालायचे, केस आत पिळून मागे न्यायचे आणि लूप बटणात अडकवायचा. एकाचं बटण महिन्यात निघालं, दुसऱ्याचं इलॅस्टिक लोंबायला लागलं, तिसरा अजून चालू आहे. जुलैमध्ये बहिणीने वाढदिवसाला एक भारी दिला. किंमत तिने सांगितली नाही, पण डबीवर ११४९ छापलंय. तो चांगला आहे, नाही असं नाही. पण अकराशेने चांगला आहे का? नवरा म्हणतो, "दोन्हींत तू सारखीच दिसतेस, अलाउद्दीनसारखी."

तुम्ही काय वापरता? पैसे कुठे घालावेत?

गवती चहा
बटण निघालं तर शिवायचं. शर्टाचं जुनं बटण, दुहेरी दोरा, पाच मिनिटं. शंभर रुपयांच्या वस्तूने आणखी काय करावं म्हणता!

कुरळी आणि हट्टी
सरळ केसवाल्यांनी खुशाल शंभराचा घ्यावा. आम्हा कुरळ्यांचं गणित वेगळं आहे.

मी खारघरला राहते. पावसाळ्यात इथल्या हवेत केस असे पिंजारतात की लिफ्टमधली मुलं वळून बघतात. कुरळ्या केसाला जागोजागी वळण असतं, त्यामुळे टॉवेलच्या फाशात तो सरळ केसापेक्षा जास्त अडकतो. टर्किशने खसाखसा पुसलं की बटा मोडल्याच. हे बटणवाले प्रकार आमच्या कामाचे नाहीत, कारण त्यांत केस पिळावे लागतात आणि पिळले की वळणं गेली. मी पलंगावर मऊ कापड पसरते, वाकून केस त्यावर एकावर एक बसवते आणि कापडाची टोकं मानेमागे बांधते. याला प्लॉपिंग म्हणतात. दहा मिनिटं, बास.

त्यासाठी मी मोठा, सपाट, महागडा मायक्रोफायबर घेतला आणि मला पश्चात्ताप नाही. त्याआधी दोन वर्षं नवऱ्याचा जुना सुती टीशर्ट वापरला. तोही उत्तम होता, पण त्यावर कंपनीच्या मॅरेथॉनचं नाव होतं आणि नवरा भावनिक झाला.

नौपाडकर
माझा या विषयाशी संबंध फक्त पाहण्यापुरता, टक्कल पडून वीस वर्षं झाली. तरी लिहितो.

आमच्या आईचे केस गुडघ्याला टेकायचे. रविवारी शिकेकाईने न्हायची आणि पंचाने केस झटकायची. नौपाड्यातल्या चाळीच्या गॅलरीत तो फटफट आवाज आला की आम्ही पोरं लांब पळायचो, तुषार अंगावर यायचे. मग त्याच पंचाचा पीळ घालून डोक्याला गुंडाळायची आणि स्वयंपाकाला लागायची. बटण नाही, लूप नाही. सुटलेला मी कधी पाहिला नाही. परातीत तर नाहीच.

पंचा घ्या. विषय संपला.

टिकलीवाली
काका, तो पीळ घालायची कला त्या पिढीबरोबर गेली हो. मी पंचा बांधला तर बस येईपर्यंत उपरणं होऊन खांद्यावर येतो.

उभा-आडवा
धाग्याचं नाव वाचून आलो, कापडाच्या खरेदीत वीस वर्षं काढली आहेत. थोडं लांबेल.

मायक्रोफायबर म्हणजे १ डेनियरपेक्षा बारीक तंतू. ९,००० मीटर तंतूचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. म्हणजे नऊ किलोमीटर तंतू उलगडला तरी वजन एक ग्रॅम भरत नाही. आता गंमत अशी की यात मुख्यतः असतं पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. सुती तंतू पाणी पोटात घेतो. पॉलिएस्टरच्या कापडात ते तंतूंमधल्या फटींत चढून बसतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून सगळी करामत फटींची. चांगल्या कापडात पॉलिएस्टर आणि नायलॉन ८०-२० किंवा ७०-३० असं मिसळलेलं असतं आणि तंतू उभा चिरलेला असतो. आडवा छेद पाहिला तर मोसंबीच्या फोडींसारखा दिसतो. फोडी सुटल्या की फटी वाढल्या.

स्वस्त मालात बरेचदा शंभर टक्के पॉलिएस्टर असतं, न चिरलेलं, वर मखमलीसारखी लव काढलेली. बाजारात त्याला कोरल फ्लीस म्हणतात. गालाला लावलं की फार गोड वाटतं आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. पाणी पुसायच्या कापडाचा मऊपणा हा गुण आहेच, पण पहिला नव्हे.

दुकानात ओळखायचं कसं? चिरलेल्या तंतूचं कापड कोरड्या, भेगाळलेल्या बोटांना किंचित धरतं, अंगावर काटा येईल असं. नुसतंच गुळगुळीत सरकलं तर शंका घ्यावी. घरी आणल्यावर एकदा धुवा आणि ओट्यावर चमचाभर पाणी सांडून वरून कापड ओढा. चांगलं असेल तर मागे ओट्यावर फक्त दमटपणा उरतो. वाईट असेल तर पाणी पुढे ढकलत नेतं, चिखलात वायपर फिरवल्यासारखं. धुण्याआधी परीक्षा घेऊ नका. नव्या कापडावर, सुती टॉवेलवरसुद्धा, मऊपणासाठी काहीतरी चोपडलेलं असतं आणि ते पाणी अडवतं.

लेबलवर जीएसएम लिहिलं असेल तर बघा, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. अंघोळीच्या टॉवेलला जास्त चांगलं वाटतं, इथे उलट. डोक्यावर वागवायचंय ते.

आणि 'बांबू' लिहिलेलं असेल तर भारावून जाऊ नका. बहुतेक वेळा तो बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला व्हिस्कोस असतो. कापड वाईट नाही, फक्त बांबूचा त्यात आडनावापुरता संबंध. सॅटिनचं अस्तर लावलेलेही महाग मिळतात. सॅटिन केसांवरून सरकतं हे खरं, पण पाणी घेत नाही. ते झोपताना घालायच्या टोपीला ठीक, ओल्या केसांना नको.

गवती चहा
'आडनावापुरता संबंध' :)

पाणपोई
माझी चूक सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मी भारीतला घेतला होता, बाराशेच्या आसपास. पहिले दोन महिने स्वर्ग. मग हळूहळू पाणी घेईनासा झाला. केस बांधून अर्ध्या तासाने सोडले तरी ओलेच. फसवलं म्हणून कंपनीला लांबलचक मेलही लिहून ठेवला. सुदैवाने पाठवायच्या आधी बहिणीने विचारलं, धुतेस कशात? मी मशीनमध्ये रोजच्या कपड्यांबरोबर, भरपूर सुगंधी सॉफ्टनर घालून धुत होते. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि उभा-आडवा म्हणतात त्या फटी बुजतात. शिवाय सुती टॉवेलांची लव त्याला चिकटून केसाळ अस्वल झालं होतं.

गरम पाणी, थोडी पावडर, दोन-तीनदा खळबळून धुतल्यावर बराच सुधारला. आता बादलीत वेगळा धुते. सॉफ्टनर नाही, ब्लीच नाही, इस्त्री तर अजिबात नाही. आमच्या सोसायटीत घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर येतात, त्या जड पाण्याचा पांढरा थरही कापडावर बसतो. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात झाकणभर व्हिनेगर घालते.

रात्रपाळी
नर्स आहे, म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, ओला केस कमकुवत असतो. पाण्याने केसाच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात, म्हणून तो जास्त ताणला जातो आणि तशात घासला की वरची खवल्यांची साल उचकटते. म्हणजे महाग-स्वस्तपेक्षा तुम्ही पुसता की टिपता, ते मोठं. भारीतल्या टॉवेलने खसाखसा घासाल तर साध्या सुती कापडाने टिपणारीचे केस तुमच्यापेक्षा चांगले राहतील.

दोन, पीळ कपाळावर ओढून बांधू नका. कानाजवळचे आणि भांगाच्या टोकाचे केस रोज ताणले गेले की तिथेच विरळ होतात. बाळंतपणानंतर आधीच गळत असतात, तेव्हा जास्त सांभाळा. जड टॉवेलचा खरा तोटा हाच, तो मुळांना मागे खेचतो.

आणि गुंडाळून झोपू नका हो! आमच्याकडे रात्रपाळी करून आलेल्या मुली केस धुवून, टॉवेल बांधून तशाच आडव्या होतात आणि दुपारी उठतात. टाळूवर मलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते, तिला ऊब आणि ओल आवडते. मग कोंडा झाला की शाम्पूला शिव्या. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

तिसरा डबा
एवढं लिहिण्यापेक्षा ड्रायर घ्या ना. दोन मिनिटांत मोकळे.

रात्रपाळी
कमरेपर्यंतचे दाट केस दोन मिनिटांत वाळवणारा ड्रायर मलाही हवाय. पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा तीस वेळा धुवून-वाळवून पाहिल्या. १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने, आपोआप वाळू दिलेल्या केसांपेक्षा कमी नुकसान केलं. आपोआप वाळणारा केस बराच वेळ फुगलेला राहतो, हे कारण असावं असं त्यांचं म्हणणं. जवळ धरला तर मात्र केसाची साल जाते. तेव्हा आधी टॉवेलने पाणी काढा आणि उरलेलं लांबून ड्रायरने.

तिसरा डबा
म्हणजे मी जिंकलो.

टिकलीवाली
कोणी जिंकलेलं नाही, थांबा. मी प्रयोग केलाय. लेकाला विज्ञानाचा प्रकल्प हवाच होता.

पद्धत अशी. चार वेगवेगळ्या दिवशी तेच केस, तोच शाम्पू. केस हाताने पिळायचे, पाण्याची धार थांबली की बांधायचं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. बांधण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. (त्याच काट्यावर केकचं पीठ मोजते, म्हणून खाली प्लॅस्टिक. कोणी तोंड वाकडं करू नका.)

शंभराचा: कोरडा ७८ ग्रॅम, नंतर १३० ग्रॅम. ५२ ग्रॅम पाणी.
अकराशेचा: ११२चा १८५ झाला. ७३ ग्रॅम.
पंचा (सासऱ्यांचा, धुवून धुवून जुना झालेला): ११८चा १८४. ६६ ग्रॅम!
टर्किश टॉवेल: ४१० ग्रॅमचा ५०५. ९५ ग्रॅम पाणी प्यायला, हे मान्य. पण अर्धा किलो डोक्यावर. मान दुखली.

शंभराच्यात शेवटची पाच मिनिटं मानेवरून पाणी ओघळत होतं. तो लहानही आहे, लांबी ६५ सेंटीमीटर, माझे केस पिळून त्यात मावतच नाहीत, शेंडे बाहेर लोंबतात. अकराशेचा लांब आहे, बटण दुहेरी शिवलंय आणि लूप इलॅस्टिकचा नसून गोफाचा आहे. मला वाटतं, पैसे दिसतात ते इथे.

आता हिशोब. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा. शंभराचा एक टॉवेल चार महिने टिकला धरला तर साधारण ५२ वेळा, एका वेळेला दोन रुपयांच्या आत. अकराशेच्याला तितकंच स्वस्त पडायचं तर तो जवळजवळ पावणेचार वर्षं टिकायला हवा. माझ्या घरात मुलगा आणि मशीन दोन्ही असताना पावणेचार वर्षं काहीही टिकत नाही.

पण खरी गोष्ट पाचव्या दिवशी कळली. प्रयोगाच्या नादात लागोपाठ केस धुतले, बाहेर धो धो पाऊस, आणि अकराशेचा आदल्या दिवशीचा वाळलाच नव्हता. बाल्कनीत दोरीवर लोंबत होता, कुबट वास सुटलेला. असेल लाख मोलाचा, पण त्या सकाळी उपयोग शून्य. कोरडा होता तो शंभराचाच.

उभा-आडवा
मुलाला पैकीच्या पैकी द्या. एक खोट मात्र काढतो. केस दर वेळी हाताने सारखेच पिळले गेले असतील असं नाही, त्यामुळे पाच-सात ग्रॅमचा फरक धरू नका. पंचा आणि अकराशेचा बरोबरीत समजा.

पंचाचं आश्चर्य वाटू नये. साधी विण, फासे नाहीत, म्हणून केस अडकत नाही आणि वाळतोही लवकर. नवा पंचा मात्र खळीमुळे पुठ्ठ्यासारखा असतो, चार-पाच धुण्यांनंतर माणसात येतो. टर्किशची बदनामी नको, सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. अंगाला तोच. डोक्याला मात्र नाही.

वाळण्याचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर एकच टॉवेल असणं म्हणजे एकच छत्री असण्यासारखं, आणि तीही लोकलमध्ये विसरलेली. माझं मत: मधल्या भावातले दोन. तीनशे-साडेतीनशेपर्यंत ८०-२०चा, पुरेसा लांब मिळतो. शिवण ओढून बघा, लूप ताणून बघा.

सीवूड्सवाली
डेकॅथलॉनमध्ये पोहणाऱ्यांसाठी मायक्रोफायबरचे सपाट टॉवेल मिळतात, वेगवेगळ्या आकारांत. मी मधला वापरते, तिसरं वर्ष. बटण नाहीच, म्हणून तुटायचा प्रश्न नाही. वर केसांचा मोठा चिमटा लावते.

न्यू जर्सीच्या नणंदेने टर्बी ट्विस्ट पाठवला होता. तिकडे तो टीव्हीवरच्या जाहिरातींनी घरोघरी पोचलेला आहे. पीळ मागे नेऊन लूपमध्ये खोचायचा, कल्पना आपल्या बटणवाल्याचीच मावसबहीण. सुतीही मिळतो. चांगला होता, पण इथे आला तर कुरियर धरून किती पडेल ते विचारू नका. आपल्याकडचे स्वस्तवाले बघून तिनेच चार नेले.

कुरळी आणि हट्टी
मधल्या भावाला विरोध नाही, पण 'अकराशे वाया' असं कोणी म्हणू नये. माझ्या बटांचा प्रश्न आहे. आणि प्लॅस्टिकचं म्हणाल तर ते स्वस्त-महाग दोन्हींना लागू. दोन्ही धुताना बारीक तंतू सोडतात, ते खाडीतच जाणार. तो मुद्दा टोचत असेल तर टीशर्ट किंवा पंचा. मला टोचतो, म्हणून मी मॅरेथॉनचा टीशर्ट परत मागितलाय. वाटाघाटी चालू आहेत.

टिकलीवाली
अपडेट. रविवारी बाजारात जाऊन ३२०चा एक आणला. आकाशी, लांब, बटण मोठं. दुकानातच बोटं घासून बघितली, दुकानदार बघत राहिला. घरी धुवून ओट्यावर ओढला, पास. अकराशेचा आणि हा आलटून पालटून. शंभराचा उरलेला लेकाने सायकल पुसायला नेला, आणि त्याच्या मते तो त्या कामाला सर्वोत्तम आहे.

बहिणीला या धाग्याची लिंक कोणी पाठवू नका.

नौपाडकर
तुमच्या या धाग्याने माझा तोटा झाला. सौ.ने वाचला. कपाटात तीन पंचे होते, एक सुनेने नेला, एक सौ. वापरते, तिसरा 'केकच्या काट्यावर ठेवून बघू' म्हणून नात घेऊन गेली. मी अंघोळीनंतर उभा. जांभळी नाक्याच्या बाजूला माझा नेहमीचा पंचेवाला होता, त्याने दुकान मुलाला दिलं आणि मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. ठाण्यात सुती, बिनकाठाचा, मऊ पंचा आता कुठे मिळेल?

गवती चहा
काका, पूजेचं साहित्य विकणाऱ्यांकडे बघा, सोवळ्याचे ठेवतात. काठाचा मिळेल, चालवून घ्या. आणि सहा घ्या.